दहा पियाले

रोज दहा पियाले पाणी, त्याच्या खाली नाही, असं डॉक्टरणीने मे महिन्यात सांगितलं. ऑक्टोबरात ओतेगेनची उरलेली किडनीही गेली. मधल्या काळात पेरीजातने एक दिवससुद्धा नऊ पियाले दिले नव्हते. या गोष्टीचं सगळं दुखणं एवढ्यातच आहे.

ओतेगेन हा पेरीजातचा सासरा. तीस वर्षं त्याने कोकओझेक गावाचा पाट सांभाळला. कुणाच्या कपाशीला किती वेळ पाणी सोडायचं, दरवाजा किती बोटं उचलायचा, हे त्याच्या हाती. भांडणं झाली, शिव्या झाल्या, एकदा तर कुणी फावडंही उगारलं, पण ओतेगेनने माप मारलं असं कुणी म्हणालं नाही. त्या गावचं पाणी तसं कडूच. जमिनीतून मीठ वर येतं आणि पाण्यात उतरतं. चाळिशी ओलांडली की गावातल्या निम्म्या पुरुषांना मुतखडा होतो, आणि कुणाचा खडा किती मोठा निघाला यावर लग्नाच्या पंगतीत गप्पा रंगतात. अकरा वर्षांपूर्वी ओतेगेनची डावी किडनी खड्यांनी सडली म्हणून काढून टाकली होती. आता उजवीतही कण्यांसारखे खडे दिसायला लागले होते.

नुकुसच्या डॉक्टरणीचं नाव लिदिया त्सोय. कोरियन घरातली, पण त्याच शहरात जन्मलेली, पन्नाशी गाठलेली बाई. तिने एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हाताऱ्याकडे न बघता सुनेकडे बघून बोलायला लागली. पुरुषमाणसं ऐकतात आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरतात, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं.

"ही एकच राहिलीय. ही गेली तर रक्त धुवायचं मशीन. आणि मशीनला रांग आहे, ती मी तुम्हांला दाखवतसुद्धा नाही. औषध लिहून देते, पण खरं औषध पाणी. साधं, गोडं पाणी. लिटर-बिटर सांगत नाही, तुम्ही गावाकडची माणसं त्यात गोंधळता. रोज दहा पियाले. राहील लक्षात?"

"राहील."

"आणि तो मीठ घातलेला दुधाचा चहा बंद. काळा कडक चहाही बंद."

"चहा बंद?" ओतेगेन खुर्चीत सरळ झाला. "मग डॉक्टर, जगायचं ते कशासाठी?"

"नातवाचं लग्न बघायला."

"लग्नात तरी देतात ना?"

डॉक्टरीण हसली. पेरीजात हसली नाही. ती मनात दहा हा आकडा घट्ट धरून बसली होती.

पेरीजातचा नवरा कझाकस्तानात इमारतींच्या कामावर. वर्षातून दोनदा यायचा. दोन्ही मुलं नुकुसला मावशीकडे शिकायला. घरात ती, सासरा आणि सासू. सासूला ती एने म्हणायची. एने म्हणजे बोलण्यात तिखट, पण हाताची सुगरण, आणि रीतिरिवाजाच्या बाबतीत सगळ्या आळीची शाळामास्तरीण. कुणाच्या घरी नवी सून आली की तिला आठवडाभर एनेसमोर चहा ओतायला बसवायचे.

पेरीजातलाही तिनेच शिकवलं होतं. लग्नाला चार दिवस झाले असतील. सासऱ्याचा थोरला भाऊ आला होता. पेरीजातने त्याचा पियाला अर्धा भरला. पाहुणा काही बोलला नाही, पण एनेने जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या कडेखालून तिच्या मनगटावर चापट मारली. पाहुणा गेल्यावर म्हणाली, "काय गं, उठवून लावतेस होय मोठ्या माणसाला? भरलेला पियाला म्हणजे काय? प्या आणि चालू लागा! तळाशी दोन बोटं ओतायचं. संपला की परत दोन बोटं. परत. माणसाला वाटलं पाहिजे की बस, अजून बस, तुझ्यासाठी मी हात दहा वेळा उचलीन." त्या दिवसापासून बावीस वर्षं पेरीजातचा हात दोन बोटांवर आपोआप थांबत आला होता. डोळे मिटून ओतलं तरी थांबायचा.

नुकुसहून परत आल्यावर तिने कंबर कसली. घरातलं पाणी कडू, ते चालणार नव्हतं. गावाबाहेर मीठ काढून टाकणारं यंत्र बसवलं होतं, तिथे गोडं पाणी मिळायचं. जाऊन-येऊन चार किलोमीटर. एक दिवसाआड ती हातगाडीवर दोन कॅन बांधून जायची. जुलैत त्या रस्त्याची धूळ तापून चपलेतून चटके देते. यंत्राजवळ बायांची रांग असायची. बाग्दागुल तिथेच भेटायची, पलीकडच्या गल्लीतली, जिभेने भोळी आणि मनानेही. तिच्या नवऱ्यालाही खडे. त्यालाही तीच डॉक्टरीण.

"तुमच्यात किती सांगितलेत?" बाग्दागुलने विचारलं.

"दहा पियाले."

"आमच्यातही दहाच. पण सार्सेनबाय पितो कुठं! म्हणतो, पाणी बैलाला पाजा, मला चहा दे."

"आमचे सासरेही तेच म्हणतात. पण मी सोडत नाही."

खरंच सोडत नव्हती. पाणी आणून ती उकळायची, गार करायची, झाकून ठेवायची. खिडकीच्या फळीवर जर्दाळूच्या दहा बिया मांडलेल्या. एक पियाला दिला की एक बी उचलून वाटीत टाकायची. सकाळी उठल्यावर एक, न्याहारीला एक, मग गाईची धार काढून आल्यावर एक. अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर ओतेगेन उशीला टेकून बसायचा. ती उजव्या हाताने पियाला पुढे करायची, डावा हात छातीवर. दोन बोटं पाणी. सासऱ्याला असंच देतात. चहा असो की पाणी, मोठ्या माणसापुढे भरलेला पियाला ठेवायचा हा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. तो शिवण्यासारखा विचारच नव्हता.

"आलीस पाटकरीण," तो म्हणायचा. "बोल, कितवी पाळी?"

"पाचवी, अताजान."

"अजून पाच! माझ्या पाटावर असतीस तर गावाने तुला लाच देऊन दरवाजा बंद करायला लावला असता."

"मी घेतली नसती."

"तेच तर वाईट आहे." एवढं बोलून तो पाणी दोन घोटांत संपवायचा, तोंड वाकडं करायचा आणि पियाला उपडा करून दाखवायचा, शाळेतल्या पोरासारखा.

चहा मात्र त्याने खरोखर सोडला. इतक्या वर्षांची सवय. सकाळपासून रात्रीपर्यंत किटली त्याच्याजवळून हलत नसे. दोन-दोन बोटं करत दिवसाला तीस-चाळीस पियाले सहज व्हायचे, आणि तेव्हा ते मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते सगळं एका दिवसात थांबलं. एने आणि पेरीजात त्याच्यासमोर चहा प्यायच्या नाहीत, आत जाऊन प्यायच्या. वास यायचा तेव्हा तो डोळे मिटून नाकाने तो ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "हा तर मोजत नाही ना डॉक्टरीण?"

ऑगस्टात एक दिवस असा आला की भिंतीची सावलीसुद्धा गरम वाटावी. संध्याकाळी वाटीत दहा बिया पडल्या होत्या. पेरीजात भांडी आवरत होती. चौथऱ्यावरून हाक आली.

"पोरी, आणखी एक देतेस?"

"दहा झाले, अताजान."

"हो, पण आज घसा नुसता लाकूड झालाय."

ती थांबली. डॉक्टरणीचा शब्द तिने औषधाच्या मात्रेसारखा धरला होता. गोळ्या दहा सांगितल्या तर अकरावी कोण देतं? शिवाय पलीकडच्या गावात एक माणूस मशीनवर होता, पाणी जास्त झालं म्हणून छातीत पाणी भरून गेला, असं तिने ऐकलं होतं. ती हसून म्हणाली, "दहा म्हणजे दहा. तुम्हीच शिकवलंत ना गावाला, पाळी संपली की दरवाजा खाली?"

"शिकवलं खरं," तो म्हणाला, आणि हसलाही. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

सप्टेंबर सरताना त्याचे पाय सुजले. आधी घोटे, मग नडगीवर बोट दाबलं की खळगा राहायला लागला. सकाळी डोळ्यांखाली पिशव्या. तोंडाला चव राहिली नाही, मटणाचा वास आला की उलटी. लघवीला जाऊन लगेच परत यायचा. एने हे सगळं बघत होती आणि तिचं म्हणणं दिवसेंदिवस पक्कं होत गेलं.

"पाणी आहे ते, पाणी! बघ बोट दाबून. तू ओततेस आणि ते पायात साठतंय. माणूस आहे की पाण्याची पखाल?"

"एने, डॉक्टरणीने सांगितलंय."

"डॉक्टरणीच्या बापाने कधी पाणी पिऊन दिवस काढलेत? आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात नुसतं पाणी तोंडाला लावलं नाही, नव्वदीला गेले."

"त्यांची एक किडनी काढलेली होती का?"

सुनेने सासूला असं उलटून बोलायची त्या घरात रीत नव्हती. एने हळू आवाजात म्हणाली, "पाच कर. माझ्यासाठी पाच कर."

"नाही करणार," पेरीजात म्हणाली. बावीस वर्षांत ती पहिल्यांदा सासूला नाही म्हणाली. आत गेल्यावर तिच्या मनात एक समाधान होतं की आपण या माणसाचं पाणी तोडू दिलं नाही. पुढे तिला सगळ्यांत जास्त तेच समाधान आठवत राहिलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ओतेगेनला धाप लागायला लागली. गावातून चार जण भरून जाणारी टॅक्सी निघते, तिची पुढची सीट घेऊन पेरीजात त्याला नुकुसला घेऊन गेली. रक्त घेतलं, फोटो काढला. दुपारी डॉक्टरणीने त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि पेरीजातला एकटीला आत बोलावलं.

टेबलावर कागद होता. डॉक्टरीण तो वाचत नव्हती, त्यावर हात ठेवून बसली होती.

"संपली," ती म्हणाली. "दहा टक्केही उरली नाही. पाणी पिलंच नाही त्यांनी."

"पिलं की!"

"पेरीजात, मी रोज बघते हे. घरची माणसं सांगतात पिलं, पिलं. रक्त खोटं बोलत नाही."

"दहा पियाले. एक दिवस कमी नाही. माझ्या हाताने दिलेत. अल्लाची शपथ. एने माझ्याशी भांडली, तरी मी दिलेत."

डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. या बाईच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, हे तिला दिसत होतं, आणि त्यानेच ती अस्वस्थ झाली. कोपऱ्यात नर्सांची चहाची किटली आणि पियाले होते. तिने एक पियाला आणला, शेजारी पाण्याचा जग ठेवला.

"ओत बघू. घरी देतेस तसा."

पेरीजातने जग उचलला. ओतलं. हात थांबला. डावा हात छातीवर गेला आणि तिने पियाला पुढे केला.

"भर ना," डॉक्टरीण म्हणाली.

"भरला."

मग डॉक्टरणीने कपाटातून खुणा असलेलं काचेचं भांडं काढलं आणि पियाल्यातलं पाणी त्यात रिकामं केलं. सत्तरच्या खुणेपर्यंत आलं. तिने तोच पियाला जगाखाली धरून काठोकाठ भरला आणि पेरीजातपुढे ठेवला. भरलेला पियाला समोर आल्याबरोबर पेरीजात खुर्चीवरून अर्धी उठली. आपल्याला बाहेर जायला सांगितलं असं तिला वाटलं. डॉक्टरणीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"हा," ती म्हणाली. "मी हा सांगितला होता. याच्यात अडीचशे बसतं. असे दहा."

पेरीजात त्या पियाल्याकडे बघत राहिली. पाणी काठावर किंचित फुगलेलं होतं, सांडत नव्हतं. तिचं शिक्षण आठवीपर्यंतचं, पण हा हिशेब करायला तेवढंही लागत नाही. तीन पियाल्यांचं पाणी तिने दहा म्हणून दिलं होतं. आणि वर चहा तोडला होता.

"माझी आईसुद्धा असंच ओतते," डॉक्टरीण म्हणाली. आता ती पेरीजातशी बोलत नव्हती. "पाहुणे आले की मीही असंच ओतते. पन्नास वर्षं मी इथं राहतेय. मला वाटलं, लिटर सांगितलं तर कळणार नाही, पियाला सोपा." ती थांबली. "आठ वर्षं झाली. येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतेय."

बाहेर कुणीतरी खोकत होतं. पेरीजातने तो खोकला ओळखला.

"आता भरून देऊ?" तिने विचारलं. "आजपासून भरून देते. वीस देते."

डॉक्टरणीने मान हलवली.

"आता नाही. आता पाणी बाहेर पडायला वाटच नाही. जास्त दिलंस तर छातीत चढेल. आता दिवसाला सातशेच्या वर नको." बोलता बोलता तिच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढचं वाक्य तिने खिडकीकडे बघून पुरं केलं. "म्हणजे तू देत होतीस तेवढंच."

मशीनच्या रांगेत नाव लिहून घेतलं. पुढे एकोणीस नावं होती. जागा कधी होते, असं पेरीजातने विचारलं. कुणीतरी गेलं की होते, असं उत्तर मिळालं.

परतीच्या टॅक्सीत मागे दोन बायका कापडाच्या भावावर बोलत होत्या. ओतेगेन पुढे बसला होता, त्याच्यामागे पेरीजात. अर्ध्या रस्त्यात टॅक्सीवाला टायरची हवा बघायला थांबला, बायका पाय मोकळे करायला उतरल्या. तेव्हा म्हाताऱ्याने मान न वळवता विचारलं, "काय म्हणाली?"

तिने ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण त्याने विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. सत्तरची खूण, अडीचशेची खूण, सगळं. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही, इतकं ते मोठं होतं.

ओतेगेन समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. कडेच्या जमिनीवर मिठाचा पांढरा थर होता.

"मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "दरवाजा किती बोटं उचललाय ते मी पाचशे पावलांवरून सांगायचो. माझ्या हातातला पियाला मी बघितला नाही."

"मी एक मागितलेला दिला नाही तुम्हांला," ती म्हणाली. "ऑगस्टात."

"तो दिला असतास तरी दोन बोटंच दिला असतास ना?" तो हसायला गेला, धाप लागली, थांबला. "हे बघ पोरी. एनेला सांगू नकोस. ती वाईट नाही, पण ती तुला जगू देणार नाही. आणि तुझा नवरा तिचा मुलगा आहे, माझ्यापेक्षा तिचं ऐकतो. पाणी जास्त झालं म्हणते ना ती, म्हणू दे. तेवढं माझं ऐक."

बायका परत आल्या. टॅक्सी निघाली.

तिने ऐकलं. घरी आल्यावर एनेने विचारलं आणि पेरीजात एवढंच म्हणाली, "किडनी गेली." एनेने डोक्यावरचा रुमाल तोंडात कोंबला आणि भिंतीला टेकून बसली. रडून झाल्यावर म्हणाली, "बुडवलंस गं माझ्या माणसाला." पेरीजातने ऐकून घेतलं. हे खोटं होतं, आणि खरं याहून वाईट होतं.

आजारी माणसाला भेटायला येण्याची रीत आहे. तिसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. ओतेगेनला आतल्या खोलीत झोपवलं होतं, मधलं दार उघडं. बाहेरच्या खोलीत दस्तरखान, त्यावर नान, खडीसाखर, सुकी जर्दाळू. पेरीजात किटलीपाशी. एने तेच पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि प्रत्येक वेळी ते जरा अधिक बांधेसूद होत होतं.

"दहा पियाले! रोज! उन्हाळाभर! मी म्हटलं पाच कर. पाया पडले म्हणा ना. पाय हे असे झाले तरी ही ओततेच आहे, ओततेच आहे. पाण्यानं घात केला माझ्या माणसाचा."

"अगं बाई," बाया म्हणत होत्या.

बाग्दागुल दाराजवळ बसली होती. तिने पियाला खाली ठेवला. "म्हणजे आमच्याकडेही तेच चाललंय की हो! आत्ता कुठं जबरदस्तीनं सहा-सात प्यायला लागलाय. बरं झालं कळलं. आजपासून बंद. चहाच पाजते दोन वेळचा, बास."

पेरीजातच्या हातातली किटली थांबली. सासऱ्याला दिलेला शब्द तिला आठवत होता. बाग्दागुलचा सार्सेनबायही डोळ्यांसमोर होता, लग्नात नाचणारा, पंचेचाळिशीचा.

"नको," ती म्हणाली. "बंद करू नकोस. कमी होतं. आमच्यात पाणी कमी पडलं."

सगळ्या तिच्याकडे वळल्या. तिने किटली खाली ठेवली आणि सांगितलं. पियाला भरून मोजायचा होता, आपण दोन बोटं मोजला. दहा दिले असं वाटलं, ते तीनच होते. डॉक्टरणीने भांड्यात मोजून दाखवलं.

मग एने बोलली, अगदी थंडपणे.

"म्हणजे चूक माझी."

"तसं नाही, एने—"

"ओतायला तुला मी शिकवलं. सगळ्या आळीला मी शिकवलं. माझ्या शिकवण्यात खोट निघाली? आता सासऱ्यासमोर काठोकाठ पियाला ठेवायचा? 'ऊठ म्हाताऱ्या, नीघ' म्हणून? हे डॉक्टरणीनं सांगितलं?"

"चहाचा नाही, फक्त पाण्याचा पियाला भरून द्यायचा होता—"

"पाणी काय, चहा काय, हात एकच असतो," एक म्हातारी म्हणाली आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

आतून आवाज आला. इतका बारीक की आधी कळलंच नाही. "ती खरं बोलते," ओतेगेन म्हणत होता. "तिचं ऐका. कमी पडलं."

एनेने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वाकून कुजबुजली, "विष डोक्यात चढलंय. काल मला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली." ते मात्र खरं होतं. म्हाताऱ्याने काल तशी हाक मारली होती.

बाग्दागुल निघाली तशी पेरीजात तिच्यामागे फाटकापर्यंत गेली. तिने तिचा दंड धरला. "माझं ऐक. भरून दे. काठोकाठ. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

बाग्दागुलने तिच्या हातावर आपला हात ठेवला. तिच्या डोळ्यांत खरीखुरी माया होती. "मन खाऊ नकोस गं. तुझा काय दोष? ती डॉक्टरीणच तशी. तू आपली सांगितलं तसं केलंस."

"तसं नाही केलं! तेच तर सांगतेय!"

"बरं, बरं. देते भरून," बाग्दागुल म्हणाली. लहान मुलाला समजावताना जसं म्हणतात तसं.

त्यानंतर पेरीजात दोनदा तिच्या घरी गेली. एकदा बाग्दागुल घरात नव्हती. दुसऱ्यांदा सार्सेनबाय स्वतः अंगणात होता. परक्या पुरुषाशी लघवीच्या दुखण्यावर कसं बोलायचं ते तिला जमेना. तब्येत बरी ना, एवढं विचारून ती परत आली. डॉक्टरणीला फोन लावला. नर्सने उचलला, म्हणाली, मॅडम आता प्रत्येकाला लिटरमध्ये सांगतात. गावात येऊन सांगतील का, असं पेरीजातने विचारलं. कुठल्या कुठल्या गावात जातील, नर्स म्हणाली, आणि ते बरोबरच होतं.

ओतेगेनचा दिवस आता पाण्याभोवतीच फिरायचा. रक्तातली घाण वाढली की तहान लागते, ती कशानेच भागत नाही. तो मागायचा नाही. ओठांवरून जीभ फिरवायचा फक्त. पेरीजात ओला कपडा त्याच्या ओठांना लावायची. रांगेतली दोन नावं कमी झाली होती. सतरा उरली होती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पहिलं धुकं पडलं त्या सकाळी, बाग्दागुल आली. डोक्यावर कोरा रुमाल, हातात कापडात गुंडाळलेले दोन नान, अजून वाफ येत होती.

"हे तुमच्यासाठी," ती म्हणाली. "सार्सेनबाय म्हणाला, जाऊन देऊनच ये. तुमचं ऐकलं नसतं तर आमचंही तसंच झालं असतं हो. पाणी बंद केलं त्याला आता महिना होईल. बघ, पायाला सूज नाही, काही नाही. जरा कंबर धरते रात्री, पण ते शेतातलं काम आहे. एनेला सांग, तिचे उपकार आहेत आमच्यावर."

पेरीजातचे हात खालीच राहिले. मग तिने ते पुढे केले. दारात आणलेला नान परत पाठवत नाहीत.

"कंबर कुठं धरते?" तिने विचारलं. "उजवीकडे की डावीकडे?"

"दोन्हीकडे थोडी थोडी. का?"

"त्याला डॉक्टरणीकडे ने. आजच्या आज ने, बाग्दागुल. पाया पडते तुझ्या."

"परत त्या बाईकडे?" बाग्दागुल हसली, तिच्या गालाला हात लावला आणि धुक्यात निघून गेली. तिला घरी जाऊन चहा करायचा होता.

पेरीजात नान घेऊन आत आली. ओतेगेन जागा होता. डोळे छताकडे.

"कोण होतं?"

"बाग्दागुल."

"काय म्हणते?"

तिने नान कापडासकट कोनाड्यात ठेवले. "बरं चाललंय म्हणते त्यांचं."

ओतेगेनने डोळे मिटले. त्याने आणखी काही विचारलं नाही. ती जाऊन त्याच्या उशाशी बसली आणि तिने ओला कपडा त्याच्या ओठांना लावला.